वन्संची शांत खोली

आमच्या वन्संना तीन नावं आहेत. आमचे हे त्यांना आक्का म्हणतात, कारण त्या ह्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. मी वन्सं म्हणते. आणि ज्या रुग्णालयात त्यांनी एकतीस वर्षं काढली तिथे मोठ्या डॉक्टरांपासून पेशंटच्या नातेवाइकांपर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणतात. तसं तिथे साफसफाई करणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, पेशंटला धरून बसवणाऱ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात. पण तळमजल्यावर जाऊन नुसतं "मावशी कुठे आहेत?" असं विचारलं, तर बोट वन्संकडेच दाखवलं जातं.

पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होताहेत. मी रोज सकाळी देवाचं आटोपलं आणि ह्यांचा डबा भरून झाला की ओट्याशी स्टूल ओढून वहीत चार ओळी लिहिते. वन्संबद्दल काही सलग लिहावं म्हणून जुन्या वह्या काढल्या, तर सगळ्यांत जास्त पानं दोन महिन्यांपूर्वीच्या त्या दिवसांची निघाली, जेव्हा त्यांची खोली जायची वेळ आली होती. ती वेळ आणली होती मी. तेव्हा तेच लिहिते.

आधी वन्सं कशा ते सांगते. वन्सं देव मानत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हा मोठाच धक्का होता. आमच्या माहेरी उठल्यापासून निजेपर्यंत देव. मला वाटलं, बाईचं काहीतरी फार मोठं दुःख असणार. लग्न केलेलं नाही, आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलेलं. एक दिवस भाजी निवडताना धीर करून विचारलं.

"वन्सं, कधी काही झालं होतं का हो?"

"काय व्हायचंय?"

"म्हणजे... देवावरून मन उडायला."

"अगं, उडायला आधी बसावं लागतं," त्या म्हणाल्या. "मला तो विषय जमलाच नाही. तुला सायकल येत नाही ना? तसं."

मला सायकल येत नाही हे खरंच आहे. विषय तिथेच मिटला. मी माझ्या तसबिरीपुढे दिवा लावते, माळ ओढते. त्या कधी नाक मुरडत नाहीत, कधी हातही जोडत नाहीत. पण माझ्या दिव्यातलं तेल संपलंय हे मला कळायच्या आत त्यांनी बाटली आणून ठेवलेली असते. कुठलीही गोष्ट संपायच्या आत आणून ठेवायची, ही त्यांची सवय.

तर ती खोली. तळमजल्यावर एक्स-रेच्या पुढे, कापडांच्या स्टोअरला लागून, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला. पूर्वी तिथे हातापायांना प्लास्टर घालायचे. तो विभाग वर हलला आणि खोली मोडक्या खुर्च्यांच्या ताब्यात गेली. त्या काळी लोक जागा मिळेल तिथे देवाला हाक मारायचे. कुणी जिन्यात, कुणी लिफ्टसमोर, कुणी थिएटरच्या दाराशी. एकदा एक गृहस्थ कॉरिडॉरमध्ये गुडघे टेकून डोळे मिटून बसले होते, आणि वळणावरून आलेली स्ट्रेचरची ट्रॉली त्यांच्या डोक्यावर आदळता आदळता राहिली. ट्रॉली वन्संच ढकलत होत्या. त्या गृहस्थांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, लोकांना बसायला एक खोली द्या."

"कुठल्या धर्माच्या लोकांना?"

"घाबरलेल्या."

मेट्रनबाईंनी प्लास्टरची खोली दिली. वन्संनी दोन रविवार खर्ची घालून भिंतींवरचं वाळलेलं प्लास्टर कलथ्याने खरवडून काढलं. मग नावावरून घोळ. कुणाला प्रार्थनाकक्ष हवं, कुणाला विश्रांतीकक्ष. एका डॉक्टरांना चिंतनगृह हवं होतं. वन्सं म्हणाल्या, नुसतं खोली लिहा. पेंटर म्हणाला, "खोली आहे ते दिसतंय की मावशी, त्याला रंग कशाला घालवायचा?" शेवटी 'शांत खोली' असं लिहिलं गेलं, आणि आज वीस वर्षं ते तसंच आहे.

आत काही म्हणजे काही नाही. सहा खुर्च्या, एक सतरंजी, दुधी काचेची खिडकी आणि एक लांबट फळी, तीही रिकामी. नियम एकच. आपलं घेऊन या, आपलं घेऊन जा. तो कुठे लिहिलेला नाही. आत जाणाऱ्याला वन्सं हळूच सांगतात, बस.

त्यांची ती खोली साफ करायची पद्धत मी स्वतः पाहिली आहे. बाकी रुग्णालयात त्या फिनेल वापरतात, इथे साधं पाणी. कुणी उदबत्ती लावून गेलं, कुणी अत्तर लावून आलं, तर तो माणूस बाहेर पडला की खिडकी उघडून पाच मिनिटं थांबायचं आणि मगच पुढच्याला आत सोडायचं. लोक आपापल्या दिशेकडे तोंड करून खुर्ची ओढतात, त्या खुर्च्या पुन्हा भिंतीला पाठ लावून ठेवायच्या. भिंतीला कपाळ टेकून लोक उभे राहतात, तिथे तेलकट डाग पडतो. तो रोज ओल्या फडक्याने पुसायचा.

"एवढं कशाला हो?" मी म्हटलं होतं.

"दुसऱ्याच्या रडण्याचा डाग समोर असला की आपल्याला नीट रडता येत नाही," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून चालू लागल्या.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. अर्थात त्याच रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर. वन्संनी चार दिवस रजा टाकली. एकतीस वर्षांत त्यांची सलग चार दिवसांची पहिली रजा. रजेवर आहोत म्हणजे कामाच्या जागी लुडबुड करायची नाही, या हिशोबाने त्या चार दिवसांत तळमजल्याला फिरकल्याच नाहीत. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसल्या. खाली त्यांच्या जागी दुसऱ्या मजल्यावरच्या एक मावशी आल्या. त्यांनी खोली झाडली, पुसली. बाकीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन पाच तास चाललं. त्यातले चार तास मी शांत खोलीत होते. पर्समध्ये माझी छोटी तसबीर असते, तळहाताएवढी. ती फळीवर ठेवली आणि माळ ओढत बसले. त्या चार तासांत मी देवाला काय काय बोलले ते वहीतही लिहिलेलं नाही. मग वर गेले, डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "झडप छान बसली." वन्संनी भिंतीला हात टेकला. मी सिस्टरांकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि पळत खाली आले.

माझ्या मनात पाप नव्हतं. देवाने माझं या खोलीत ऐकलं. मग या खोलीत त्याला बसायला जागा नको? मी ती तसबीर फळीच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, चार पट्ट्या लावून भिंतीवर चिकटवली. तेव्हा असंही वाटलं, की वन्संच्या खोलीला आपल्याकडून काहीतरी भेट झाली.

त्यानंतर मी ह्यांच्या पथ्यपाण्यात बुडाले. खाली गेलेच नाही.

पाचव्या दिवशी काय झालं ते मला लिफ्टमनने सांगितलं. माझी तसबीर पाहून कुणीतरी शेजारी आपली लावली. मग एक पोथी आली, कापडात गुंडाळलेली. दोन माळा आल्या. काचेच्या पेल्यातली मेणबत्ती, पवित्र पाण्याची बाटली, हाताने लिहिलेला प्रार्थनेचा कागद. चार दिवसांत फळीवर आणि भिंतीवर मिळून अकरा वस्तू झाल्या. पाच नंबर वॉर्डातल्या एका बाईंची मेणबत्ती एका चष्मेवाल्या गृहस्थांच्या तसबिरीखाली होती. तसबिरीला काजळी धरली. गृहस्थांनी मेणबत्ती बाजूला सरकवली, बाईंनी ती परत ठेवली, गृहस्थांनी फुंकर मारून विझवली. बाईंचा नवरा वर शुद्धीवर आलेला नव्हता. नवऱ्याच्या नावाची ज्योत कुणी फुंकर मारून विझवली, म्हटल्यावर बाईंचा तोल गेला. आवाज पार एक्स-रेपर्यंत. दोन्हीकडचे नातेवाईक धावले, कॉरिडॉर तुंबला, थिएटरकडे निघालेली ट्रॉली मधेच अडकली. ट्रॉलीवर पाय मोडलेले एक आजोबा होते. ते पडल्या पडल्या म्हणाले, "मला आत जाऊ द्या हो, मग सावकाश भांडा."

अधीक्षकांनी खोलीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घरी सोडणार होते. मी कागदांवर सही घ्यायला अधीक्षकांच्या दाराबाहेर बसले होते आणि वन्सं आत होत्या. दार उघडंच होतं.

अधीक्षक माणूस वाईट नाही. वयाने आमच्या भाच्याएवढा असेल. वन्संना त्याने खुर्ची दिली होती. त्या बसल्या नव्हत्या.

"मावशी, मला स्कॅनिंगच्या पेशंटना कपडे बदलायला खोली हवीच आहे. आतापर्यंत तुमच्याकडे बघून मी काही बोललो नाही. पण आता भांडणं व्हायला लागली. पहिली वस्तू कुणी ठेवली?"

"ते मला विचारू नका. खोली माझ्याकडे आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"खोली माझ्याकडे आहे, साहेब. मेमो द्यायचा तर मला द्या."

"तुम्हाला तीन महिन्यांवर निवृत्ती. तुम्हाला कुठे मेमो देऊ?" तो वैतागला. "मी त्या वस्तू पोत्यात भरून हलवू शकत नाही. उद्या माझ्याच नावाने मोर्चा. ज्याने त्याने आपली वस्तू आपल्या हाताने नेली पाहिजे, एकही तक्रार न होता. सोमवारी दहाला मी बघायला येतो. फळीवर एक जरी वस्तू दिसली तरी खोली स्कॅनिंगकडे गेली. हे शेवटचं."

"आणि रिकामी असली तर?"

"तर कपडे बदलायला मी दुसरं काही बघेन."

"कापडांच्या स्टोअरमध्ये निम्मं भंगार आहे," वन्सं म्हणाल्या. "ते काढलं की पडदा लावून दोन माणसं कपडे बदलतील. मी काढून देते." आणि किल्ली उचलून बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "सही घेऊन ये. तुझा नवरा वाट बघत असेल."

मी सही घेतली. त्या दिवशी वहीत लिहिलंय, 'ह्यांना घरी आणलं. देवाची कृपा.' बाकी पान कोरं.

तो बुधवार होता. गुरुवारी आणि शुक्रवारी वन्सं कामावरून आल्या की चेहरा ओढलेला. ह्यांनी पलंगावरून विचारलं, "आक्का, गेली का एखादी तरी वस्तू?"

"कसली जातेय! पाच नंबरच्या बाई म्हणतात, आधी त्यांची तसबीर काढायला सांगा. चष्मेवाले म्हणतात, आधी त्यांची मेणबत्ती उचला. पोथीवाले म्हणतात, सगळे नेतील तेव्हा मी नेईन. जो तो म्हणतो आधी दुसऱ्याचं."

"मग तूच उचलून दे ना एकेकाच्या हातात."

"दुसऱ्याच्या देवाला मी हात लावू? मानत असते तर चुकून लावलाही असता." मग म्हणाल्या, "गेली तर जाऊ दे खोली. कपडे बदलायलाही लागतेच की."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आक्का 'जाऊ दे' म्हणते तेव्हा ती काय म्हणत असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. आईवडील गेल्यावर शिक्षण सोडलं तेव्हाही त्या 'जाऊ दे' म्हणाल्या होत्या.

मी स्वयंपाकघरात त्यांच्या मागे गेले. त्या ताट वाढून घेत होत्या.

"वन्सं, एक विचारू? देव तर सगळीकडे आहे. मग त्या खोलीत एखादी तसबीर असली तर काय बिघडलं?"

"सगळीकडे आहे ना? मग पुन्हा चिकटवायला कशाला लागतं?"

"तुमच्याशी बोलायची सोय नाही."

"अगं, माझं सोड. समज, तुझा नवरा आत मरणाच्या दारात आहे. तू त्या खोलीत गेलीस आणि समोर भिंतभर दुसऱ्या कुणाचा देव. तुला तुझा आठवेल?"

माझे डोळे भरून आले. वन्सं खाली बघून भाताचा गोळा मोडत राहिल्या, आणि म्हणाल्या, "तसबिरीच्या कोपऱ्याला तांब्याची तार आहे. ती तुझ्या नवऱ्याने बसवली तेव्हा पक्कड मीच धरली होती."

म्हणजे कुलूप लागल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं.

"मग साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"ते मी कसं सांगणार?" त्या म्हणाल्या. "लोणचं दे."

शनिवारी सकाळी देवाचं केलं, पण मन लागेना. ह्यांना औषध दिलं, शेजारच्या काकूंना बसवलं आणि रुग्णालयात गेले. वन्संनी खोली उघडी ठेवली होती, आत कुणाला सोडत नव्हत्या. दाराशी सात-आठ माणसं जमली होती. पाच नंबरच्या बाई होत्या, चष्मेवाले गृहस्थ होते. दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे.

मी लोकांपुढे कधी बोललेली नाही. हळदीकुंकवाच्या चार बायकांतही नाही.

"ही पहिली तसबीर माझी," मी म्हटलं. "मीच लावली. माझ्या मिस्टरांचं ऑपरेशन नीट झालं म्हणून. नियम मला माहीत होता, कारण मी ह्या मावशींची भावजय आहे. तरी लावली. चूक माझी आहे."

मग पाच नंबरच्या बाई माझ्यावर सुटल्या.

"म्हणजे तुमच्यामुळे हे सगळं? मावशींच्या घरातल्या म्हणून तुम्हाला मुभा? आम्हाला वाटलं, लावायचंच असतं इथे!"

"हो. माझ्यामुळे."

"चार दिवस मी त्यांना शिव्या घालतेय!" त्यांनी चष्मेवाल्यांकडे बोट दाखवलं.

"मीही तुम्हाला घातल्या," चष्मेवाले पुटपुटले. "मनात."

मी आत गेले. पट्ट्या सोडवताना भिंतीचा रंग थोडा निघाला. तसबीर पदराने पुसली आणि पर्समध्ये ठेवली. इतक्या लोकांदेखत देवाला भिंतीवरून उतरवताना कसं वाटलं ते मी सांगू शकत नाही. वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. त्याला राग आला असता तर मला कळलं असतं, इतकी आमची ओळख आहे.

माझ्या मागून चष्मेवाले आत आले. आपली तसबीर काढली, काजळी रुमालाने पुसली. मग मेणबत्तीचा पेला एका बोटाने दाखवून बाईंना म्हणाले, "घ्या ताई. मी हात लावत नाही."

"लावला असता तरी चाललं असतं आता," बाई म्हणाल्या. "शुद्धीवर आलेत ते. पहिलं काय विचारलं, तर चहा."

एकेक करत दुपारपर्यंत सहा वस्तू गेल्या. पेशंट घरी गेलेल्यांच्या वस्तू राहिल्या. वन्संनी वॉर्डांतून पत्ते मिळवले. सुट्टी झाल्यावर आम्ही दोघी निघालो. एक शिंपीकाका रुग्णालयामागच्या गल्लीतच होते. त्यांची माळ होती. मशीन थांबवून, गळ्यातली टेप काढून ठेवून ते आमच्याबरोबर आले. एका शाळेतल्या बाईंचा प्रार्थनेचा कागद होता. त्या आल्या, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवून गेल्या. पाण्याची बाटली एका परिटाची. तो म्हणाला, "अहो, निम्मं मीच प्यायलो होतो घाबरून."

आणि फळीच्या कोपऱ्यात फुटबॉलच्या एका संघाचा मफलर होता. तो एका टॅक्सीवाल्याचा. त्याला फोन केला तर येऊन डोकं खाजवत उभा राहिला.

"मी देव-बिव मानत नाही, मावशी. पण सगळ्यांचं काहीतरी होतं. म्हटलं, आमचंही असू दे. बहीण होती ना आत."

"कशी आहे बहीण?"

"ठणठणीत. मफलर माझा नाही, तिचाच आहे. रोज विचारतेय कुठे गेला."

वन्सं त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

रविवारी संध्याकाळी फळीवर एकच वस्तू उरली. निळसर हातरुमालाचं छोटं गाठोडं, गाठ घट्ट. कुणाचं, कुणालाच ठाऊक नाही. आम्ही सगळे वॉर्ड फिरलो, लिफ्टमनला विचारलं, बदलीच्या मावशींनाही विचारलं. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उघडायचं नाही यावर आमचं दोघींचंही न बोलता एकमत होतं.

"मी घरी नेते," मी म्हटलं. "माझ्या देवाशेजारी ठेवते."

"आणि त्या माणसाला तुझ्या देवाचं चालत नसलं तर? शिवाय तो शोधत आला तर इथे येईल, आपल्या घरी कसा येईल?"

सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही फाटकाजवळच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीवर गेलो. गाठोडं मी हातात घेतलं होतं, वन्संच्याच सांगण्यावरून. 'तू मानतेस, तू धर.' खिडकीच्या आत छत्र्या, चष्मे, एक कवळी आणि एकाच पायाचे तीन बूट. कारकुनाने रजिस्टर उघडलं.

"वस्तू?"

"गाठोडं."

"आत काय?"

"माहीत नाही."

"मग उघडा. वर्णन लिहावं लागतं."

"उघडायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "कुणीतरी खूप घाबरून बांधलंय ते."

"मावशी, नियम आहे."

"तुझ्या नियमात लिहिलंय का, बांधलेलं सोडा म्हणून?"

कारकुनाने रजिस्टरचं पहिलं पान काढून छापील सूचना खरोखरच वाचल्या. बोट फिरवत, ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग पेन उचललं आणि लिहिलं. उलट्या बाजूने मी वाचलं. 'गाठोडं, एक. निळा रुमाल. बंद. बंदच ठेवणे.' छत्र्यांच्या फळीवर ठेवायला गेला, थांबला, आणि वरच्या कप्प्यातले चष्मे एका बाजूला सारून तिथे एकट्याला जागा करून ठेवलं. आम्हाला पावती दिली.

दहाला अधीक्षक आले. वन्संनी दार उघडलं. ते आत गेले, फळीवरून हात फिरवला, माझ्या पट्ट्यांनी उडवलेला भिंतीचा रंग पाहिला.

"तक्रार?"

"नाही."

"अकरा होत्या ना? सगळ्या नेल्या?"

वन्संनी पावती पुढे केली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली. 'बंदच ठेवणे' वर जरा जास्त वेळ थांबले असावेत.

"आणि स्टोअर?"

"भंगार काढून ठेवलंय. पडद्याची दांडी तेवढी सुताराकडून बसवून घ्या."

"साहेब," मी मधेच बोलले, कारण आता नाही बोलले तर राहून गेलं असतं. "पहिली तसबीर माझी होती. मावशींना मेमो नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वन्संकडे. "तुम्ही दोघी एकाच घरात राहता?"

"एकवीस वर्षं," वन्सं म्हणाल्या.

"कमाल आहे," ते म्हणाले. कुलूप तेवढं आपल्याबरोबर घेऊन गेले, किल्ली मागितली नाही. पुढच्या आठवड्यात लेखी आलं, की खोली आहे तशी राहील आणि मावशी निवृत्त झाल्यावर तिची देखभाल कशी करायची ते त्यांनी बदलीच्या मावशींना शिकवावं. ते शिकवणं सध्या चालू आहे. बदलीच्या मावशी घरी येऊन माझ्याजवळ कुरकुरल्या, "नुसत्या पाण्याने पुसायचं तीन दिवस शिकवताहेत हो!"

गाठोडं न्यायला अजून कुणी आलेलं नाही. मी जाता-येता खिडकीत डोकावते. कारकून न विचारताच वर बोट दाखवतो.

काल ह्यांना तपासणीला नेलं होतं. डॉक्टर आत बघत होते, अर्धा तास लागणार होता. मी खाली गेले. शांत खोलीचं दार लोटलेलं होतं, म्हणजे आत कुणीतरी होतं. पायपुशापाशी कुणाच्या तरी मळक्या चपला होत्या. आतून आवाज येत होता, प्रार्थनेचा की रडण्याचा ते कळत नव्हतं, आणि भाषा माझ्या ओळखीची नव्हती. वन्सं बाहेर बाकावर फडकं पिळत बसल्या होत्या. सरकून त्यांनी मला जागा करून दिली. मी पर्स मांडीवर घेतली आणि माझी पाळी येईपर्यंत बसून राहिले.